सैरंध्रीचे दोन रंग

"प्रस्तावित पद्धतीमुळे रंगांची अचूकता वाढेल." इमेज किंवा व्हिडिओ प्रोसेसिंगमध्ये पीएच.डी. करायला निघालेल्यांच्या सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य या ना त्या रूपात असतंच. तुमच्याही असेल. आरआरसीसमोर एखादे जाणकार सर चष्मा वर करून विचारतात, "अचूकता कशाच्या तुलनेत?" आणि तिथं बरेच जण अडखळतात. कॅमेऱ्यासमोर जे होतं त्याच्या तुलनेत? कॅमेऱ्यानं जे नोंदवलं त्याच्या? की पडद्यावर जे दिसायला हवं होतं त्याच्या? या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत.

हे समजावून सांगायला पाठ्यपुस्तकातली आकृती पुरेशी आहे. पण माझ्या मते त्याहून चांगलं उदाहरण आपल्या कोल्हापुरातच आहे, आणि ते नव्वदहून अधिक वर्षं जुनं आहे. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनीनं 'सैरंध्री' रंगीत काढला. रंग फसले. का फसले याचा विचार करताना आज रॉ फाइल उघडल्यावर येणारे बहुतेक प्रश्न एकेक करून समोर येतात, म्हणून आज हा इतिहास.

आधी चित्रकार, मग सिनेमावाले

कोल्हापूरच्या सिनेमाची सुरुवात रंगाच्या डब्यातून झाली, असं म्हटलं तर ते फारसं चुकीचं नाही. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. 'पेंटर' हे आडनाव त्या कामामुळेच चिकटलं. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, कॅमेरा इथंच तयार करून घेतला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते या काळातलं. आजही खरी कॉर्नरला जो कॅमेरा स्तंभ दिसतो तो त्यांच्याच आठवणीचा.

आता जरा थांबा आणि या माणसाची अडचण लक्षात घ्या. हा चित्रकार. कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग ठेवला की काय होतं, हे हाताला ठाऊक असलेला. आणि त्याच्या हातात आलेली फिल्म काळी-पांढरी, तीही डोळ्यासारखं न बघणारी. त्या काळी सर्रास वापरात असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला दाद द्यायची. लाल तिला जवळजवळ दिसतच नसे. म्हणून निळं आकाश पांढरं फटक, लाल कुंकू काळं ठिक्कर, आणि सावळी किंवा लालसर कातडी प्रत्यक्षापेक्षा गडद. मूकपटातले चेहरे पांढुरके रंगवलेले दिसतात त्यामागं नाटकी आवड थोडी आणि फिल्मची ही खोड जास्त.

तुमच्या भाषेत सांगायचं तर हे रंग-अवकाशाचं रूपांतरच आहे. दृश्यातल्या प्रत्येक तरंगलांबीला काही वजन द्यायचं, सगळ्याची बेरीज करायची आणि एक आकडा काढायचा. फक्त ही वजनं तुमच्या सॉफ्टवेअरनं ठरवलेली नाहीत. फिल्मच्या रसायनानं ठरवलेली आहेत. त्यात लालचं वजन जवळपास शून्य. एकदा शून्यानं गुणलं की मागं काही उरत नाही, मग तुम्ही प्रिंट कितीही वेळा काढा. बाबूराव आणि त्यांच्या पिढीनं यावर शोधलेला उपाय साधा होता: कॅमेऱ्याच्या पुढची दुनियाच बदला. सेट, कपडे, चेहरा असे रंगवा की करड्या छटांत ते बरोबर उतरतील. डोळ्याला ते सेटवर विचित्र दिसलं तरी चालेल.

इथं 'बरोबर' या शब्दाचा अर्थ काय झाला ते बघा. दृश्याशी इमान अजिबात नाही. पडद्यावर दिसणाऱ्या चित्राशी मात्र पूर्ण इमान.

प्रभातचा रंगीत जुगार

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात सुरू झाली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे पाच भागीदार. यातले पहिले चौघे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले. फत्तेलाल तर स्वतः उत्तम चित्रकार. १९३२ साली 'अयोध्येचा राजा'नं बोलपटात नाव काढलं, आणि पुढच्याच वर्षी या मंडळींनी गुरूंचाच विषय उचलला, 'सैरंध्री'. आवाज आला होता, आता रंग आणायचा होता.

विषयाची निवड मला फार बोलकी वाटते. सैरंध्री म्हणजे विराटाच्या राजवाड्यात दासी बनून राहिलेली द्रौपदी. आणि तिचं काम काय? राणीची वेणीफणी, उटणी, गंध, फुलं. रंगाचा सिनेमा काढायचा तर नायिकेचं कामच शृंगाराचं, याहून चांगली कथा कुठून आणणार!

त्या वेळी जगात रंगीत फिल्म म्हणजे काय मिळत होतं? टेक्निकलरचा तीन निगेटिव्हचा कॅमेरा नुकताच आला होता. डिस्नेचं 'फ्लॉवर्स अँड ट्रीज' हे लघु कार्टून १९३२ चं आणि त्या पद्धतीचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट 'बेकी शार्प' १९३५ चा. तो कॅमेरा विकत मिळत नसे, कंपनी तो तंत्रज्ञांसकट भाड्यानं देई. बाकीच्या जगाला परवडणारी वाट म्हणजे बायपॅक. प्रभातनं तीच धरली, जर्मनीच्या आगफाची.

बायपॅक नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. साध्या कॅमेऱ्यात दोन निगेटिव्ह एकमेकींना तोंड लावून, म्हणजे रसायनाच्या बाजू एकमेकींना चिकटवून, एकाच वेळी सरकवायच्या. लेन्सकडची पहिली फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक, ती निळा-हिरवा प्रकाश टिपते. तिच्या रसायनावर तांबड्या रंगाचा पातळ थर असतो, तो गाळणीचं काम करतो. त्यातून गाळून उरलेला लाल-नारिंगी प्रकाश मागच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर पडतो. मागची फिल्म पुढचीमधून बघत असल्यामुळे तिचं चित्र जरासं मऊ येतं. प्रकाशही भरपूर लागतो.

प्रिंट काढताना दोन्ही बाजूंना रसायन असलेली फिल्म घ्यायची. लाल नोंदवलेल्या निगेटिव्हवरून एका बाजूला छाप घेऊन ती निळसर-हिरव्या रंगात टोन करायची. निळी-हिरवी नोंदवलेल्या निगेटिव्हवरून दुसऱ्या बाजूला, ती तांबूस-नारिंगी. म्हणजे दृश्यात जिथं लाल नव्हता तिथं निळसर-हिरवा रंग बसतो, आणि जिथं निळा-हिरवा नव्हता तिथं नारिंगी. दोन्ही थर एकमेकांवर पडून पडद्यावर रंगीत चित्र.

डोक्यात लगेच शंका येईल, की तीन मूळ रंग लागतात तर दोनात कसं भागतं? थोडंफार भागतं, आणि गंमत तिथंच आहे. माणसाची कातडी नारिंगीच्या आसपासच येते. तिच्या विरुद्धचा निळसर-हिरवा आकाश, पाणी, सावली यांना बऱ्यापैकी साजतो. करड्या-काळ्या छटा मिळतात. शिवाय डोळाही मदत करतो. पोलरॉइडवाल्या एडविन लँडनं १९५९ साली लाल आणि पांढऱ्या अशा दोनच प्रकाशांनी चित्र टाकून लोकांना त्यात किती तरी रंग 'दिसतात' हे दाखवून खळबळ उडवली होती. (आजच्या सिनेमांत चेहरे नारिंगी आणि सावल्या मोरपिशी करायची जी फॅशन आहे, तिच्याकडे बघून मला दर वेळी बायपॅकच आठवतो. तीन रंग हाताशी असताना लोक हौसेनं दोनावर येतात!)

पण काही रंग मात्र या पद्धतीत येणारच नाहीत. आणि ते नेमके आपले आहेत.

गुलाल आणि भंडारा

जोतिबाच्या चैत्र यात्रेत सगळा डोंगर गुलालानं माखतो. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत तसाच भंडारा, म्हणजे हळद, उधळली जाते. एक गर्द गुलाबी, दुसरा गर्द पिवळा. जिल्ह्यातलं शेंबडं पोरसुद्धा या दोन रंगांत गल्लत करणार नाही.

आता समजण्यापुरते काही आकडे घेऊ. शून्य ते एक अशा मोजपट्टीवर गुलालातून परत येणारा प्रकाश असा धरा: लाल ०.९, हिरवा ०.१, निळा ०.५. आणि भंडाऱ्यातून: लाल ०.९, हिरवा ०.५, निळा ०.१. बायपॅकची पुढची फिल्म हिरवा आणि निळा दोन्ही एकत्र टिपते. सोपेपणासाठी दोघांना सारखंच वजन देऊन सरासरी घ्या. गुलालाची सरासरी ०.३. भंडाऱ्याची सरासरी ०.३. मागच्या फिल्मवर दोघांचा लाल ०.९.

संपलं. दोन्ही फिल्मच्या दृष्टीनं गुलाल आणि भंडारा ही एकच वस्तू झाली. प्रिंटवर दोन्ही एकाच फिकट, सामन माशासारख्या गुलाबी रंगात उतरणार.

खऱ्या फिल्ममध्ये हिरव्या-निळ्याची वजनं सारखी नसतात, हे कबूल. मग गुलाल आणि भंडाऱ्याची हीच जोडी कदाचित सुटेल, पण दुसरी कुठली तरी अडकेल. जांभळं आणि राखाडी म्हणा, सोनं आणि तांबं म्हणा. लिनिअर अल्जिब्रा आठवा. तीन मितींतून दोन मितींत नेणारं मॅट्रिक्स घेतलं की त्याचा नल स्पेस रिकामा असूच शकत नाही. एक दिशा अशी राहणारच, जिच्यावरून कितीही सरकलात तरी निकालात फरक पडत नाही. वर्गात हे शिकताना 'याचा उपयोग काय' असं वाटलेलं असतं. उपयोग हा. नल स्पेस म्हणजे त्या कॅमेऱ्याला न दिसणारी दुनिया.

आणि हे नुकसान पहिल्याच पायरीवर होतं, जिथं प्रकाश फिल्मवर पडतो तिथं. त्यानंतर जर्मनीतला सगळ्यात निष्णात तंत्रज्ञ आणला किंवा आज तुमचं सगळ्यात मोठं न्यूरल नेटवर्क आणलं, तरी ते 'काय होतं' हे सांगू शकणार नाही. 'काय असावं' याचा अंदाज बांधेल. पेपरमध्ये या दोन क्रियापदांत गफलत झालेली अनेकदा दिसते. रिव्ह्यू वाचताना ती पकडा.

डबा जातो, प्रसंग जात नाही

'सैरंध्री'ची निगेटिव्ह रंगीत प्रिंटसाठी जर्मनीला गेली. शांताराम स्वतः तिकडं गेले. साखळी बघा. प्रकाश, कपडे आणि चेहरे इथले. फिल्म आगफाची. धुलाई, टोनिंग आणि प्रिंट परदेशात. प्रेक्षक पुन्हा इथला, आणि थिएटरमधल्या दिव्याचा स्वतःचा एक रंग. निगेटिव्हवर साठलेलं असतं ते फक्त रुप्याचं गडद-फिकटपण. कुठली बाजू किती गडद टोन करायची हे प्रयोगशाळेतल्या माणसानं ठरवायचं असतं, आणि शालू कुठल्या हिरव्याचा होता किंवा हळदीचा पिवळा नेमका किती तापलेला असतो हे त्याच्या डोळ्यासमोर नसतं. तो आपल्या नजरेनं बरोबर तेच करणार.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. रंग भडक आणि बेढब उतरले, चित्रपट चालला नाही, आणि प्रभातनं रंगाचा नाद सोडला. त्याच वर्षी कंपनी पुण्याला गेली.

'भारतातला पहिला रंगीत चित्रपट कुठला' या वादात मी पडणार नाही, पण तो वाद संशोधकाला शिकवतो बरंच. रंगीत शूटिंग धरलं तर 'सैरंध्री'चं नाव येतं. प्रिंटसुद्धा देशातच व्हायला हवी म्हटलं तर १९३७ चा इंपीरियलचा 'किसान कन्या' येतो. तोही सिनेकलर पद्धतीचा, म्हणजे पुन्हा दोनच रंगांचा. पहिला कोण हे व्याख्येवर ठरतं, आणि व्याख्या न देता 'पहिला' लिहिणारा संदर्भ तुम्ही जरा जपूनच वापरावा.

आता १९३३ चा तो डबा आणि तुमच्या हार्ड डिस्कवरची रॉ फाइल शेजारी ठेवा. रॉ फाइलमध्येही 'रंग' नसतो. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकच गाळणी असते: लाल, हिरवी किंवा निळी. कोडॅकच्या ब्राइस बेयरची १९७६ ची ही रचना अजून चालू आहे. फाइलमध्ये असतो तो प्रत्येक ठिपक्यावर पडलेल्या प्रकाशाचा आकडा, रुप्याच्या गडद-फिकटपणासारखाच. त्याचा रंग करायचं काम पुढचं: काळ्याची पातळी वजा करा, व्हाइट बॅलन्स लावा, शेजारच्या ठिपक्यांवरून उरलेले दोन रंग भरा, मग तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सनं कॅमेऱ्याच्या खासगी भाषेतून सगळ्यांच्या समाईक भाषेत या, आणि तिथून पडद्याच्या भाषेत.

फरक एवढाच, की आज डब्यासोबत चिठ्ठी जाते. डीएनजीसारख्या फॉरमॅटमध्ये बहुधा दोन मॅट्रिक्स लिहिलेली असतात, एक पिवळसर बल्बच्या प्रकाशासाठी आणि एक दिवसाच्या. मधल्या प्रकाशासाठी सॉफ्टवेअर दोन्हींच्या मधलं काढतं. ही चिठ्ठी हरवली किंवा चुकीची वाचली की आपण परत १९३३ मध्ये. याचं अगदी रोजचं उदाहरण सांगतो. जुन्या रेक. ६०१ मध्ये उजेडाचा आकडा काढताना लाल, हिरवा, निळा यांची वजनं ०.२९९, ०.५८७, ०.११४ आहेत. एचडीसाठीच्या रेक. ७०९ मध्ये तीच ०.२१२६, ०.७१५२, ०.०७२२. फाइल एका नियमानं लिहिली आणि दुसऱ्यानं वाचली तर चित्र बिघडलेलं वाटत नाही, फक्त लाल आणि हिरवे जरासे सरकतात. चेहरा थोडा वेगळा वाटतो. आणि मग विद्यार्थी दोन आठवडे स्वतःच्या अल्गोरिदममध्ये दोष शोधत बसतो!

केंब्रिजमधली सतरा जणांची नजर

वर 'समाईक भाषा' म्हटलं, ती कुठून आली? इथं तारखा फार जवळ येतात. सप्टेंबर १९३१ मध्ये केंब्रिजला भरलेल्या सीआयईच्या बैठकीत 'प्रमाण निरीक्षक' ठरवला गेला. त्यामागे डब्ल्यू. डी. राइट आणि जॉन गिल्ड या दोघांचे स्वतंत्र प्रयोग होते. राइटकडे दहा निरीक्षक, गिल्डकडे सात. या सतरा जणांनी रंग जुळवून दिलेल्या आकड्यांवरून एक्स-वाय-झेड हे अवकाश तयार झालं. आजचा जवळजवळ प्रत्येक रॉ कन्व्हर्टर कुठल्या ना कुठल्या पायरीवर त्यातूनच जातो.

म्हणजे कोल्हापुरात 'सैरंध्री'चा घाट घातला जात होता तेव्हा रंग आकड्यांत मांडायची पद्धत जगात दोन वर्षांपूर्वीच ठरलेली होती. स्टुडिओपर्यंत ती यायला मात्र फार वर्षं जायची होती. प्रयोगशाळेतला रंग आणि स्टुडिओतला रंग हे अजून दोन वेगळ्या गावांत राहत होते.

आणि तीन आकडे आले म्हणून सगळं सुटलं, असंही नाही. कॅमेऱ्याच्या तीन गाळण्यांची संवेदनशीलता ही प्रमाण निरीक्षकाच्या तीन वक्रांचं सरळ रेषीय मिश्रण असेल, तरच कॅमेरा डोळ्यासारखं बघेल. याला लूथरची अट म्हणतात, १९२७ ची. बाजारातला कॅमेरा ती पूर्ण पाळत नाही. त्यामुळे डोळ्याला सारखे दिसणारे दोन रंग कॅमेऱ्याला वेगळे दिसू शकतात आणि उलटही. बायपॅकमध्ये अख्खी एक मिती गेली होती. इथं मिती तीन आहेत, पण त्यांच्या दिशा जरा तिरक्या आहेत. दुखणं त्याच जातीचं, सौम्य.

भंडारा परत घेऊ. समजा उन्हात उडालेल्या हळदीचं मोजमाप एक्स ०.४५, वाय ०.४५, झेड ०.०५ आलं. रेक. ७०९ मध्ये निळ्याचा आकडा काढायला यांना अनुक्रमे ०.०५५७, उणे ०.२०४० आणि १.०५७० नं गुणून बेरीज करा. उत्तर येतं उणे ०.०१४. ऋण प्रकाश! असा प्रकाश कुठलाही पडदा दाखवू शकत नाही. अर्थ एवढाच, की हा पिवळा त्या अवकाशाच्या कुंपणाबाहेरचा आहे. घाईत लिहिलेला कोड तिथं शून्य बसवून पुढे जातो. मग भंडाऱ्याच्या ढगातले गडद-फिकट पदर, जे निळ्यातल्या छोट्या फरकांमुळे वेगळे दिसत होते, ते एका सपाट पिवळ्या डागात जातात. गुलालाचं असंच, तिथं बहुधा हिरवा ऋण होतो. यात्रेचे मोबाइलवरचे व्हिडिओ बघा. गुलालाच्या जागी बऱ्याचदा नुसता गुलाबी पत्रा दिसतो. सेन्सरनं कदाचित ते पदर टिपलेले असतात. रूपांतरानं घालवलेले असतात. म्हणून ऋण आकडे शेवटपर्यंत जपा आणि कुंपणाच्या आत आणायचं काम सगळ्यात शेवटी, समजून-उमजून करा. प्रिंट काढणाऱ्याला फक्त दोन टोन हाताशी होते, त्याची नाइलाजाची गोष्ट होती. आपली नाही.

बरोबर उत्तर, चुकीच्या कारणानं

अचूकता मोजायची म्हणजे साधारण काय करतात? चोवीस चौकटींचा रंगतक्ता शूट करायचा, प्रत्येक चौकटीचा डेल्टा-ई काढायचा, सरासरी द्यायची. आकडा लहान आला की प्रकरण संपलं. यावर एक जुनी गोष्ट सांगतो.

१८६१ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जगातला पहिला रंगीत फोटो दाखवला. चौकडीच्या रंगीत फितीचे लाल, हिरव्या, निळ्या गाळणीतून तीन फोटो थॉमस सटननं काढले होते. तिन्ही एकावर एक टाकले आणि रंग दिसला. अडचण अशी, की त्या काळच्या काचा लाल प्रकाशाला दादच देत नव्हत्या. लाल फोटो कोराच यायला हवा होता. मग लाल आला कुठून? बरोबर शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, कोडॅकच्या राल्फ इव्हान्सनं छडा लावला. फितीतला लाल रंग अतिनील प्रकाशही परत फेकत होता, आणि ती लाल गाळणी अतिनीलला आत सोडत होती. काचेनं लाल बघितलाच नव्हता. योगायोगानं लाल कापड आणि अतिनील प्रकाश एकाच जागी होते.

आता मॅक्सवेलच्या फोटोचा डेल्टा-ई फक्त त्या एका फितीवर काढला असता तर? चांगला आला असता. दुसरं लाल कापड ठेवलं असतं तर सगळा डोलारा कोसळला असता. तुमच्या चोवीस चौकटींचं तेच आहे. त्यांत गुलाल नाही, भंडारा नाही. त्या चौकटींवर नऊ आकड्यांचं मॅट्रिक्स बसवलं आणि त्याच चौकटींवर तपासलं, तर तुम्ही त्या पुठ्ठ्याची अचूकता मोजली. चौकटींबाहेरचे नमुने घ्या, त्यांचे वर्णपट मोजा, वेगळ्या प्रकाशाखाली परत तपासा. आणि सरासरीसोबत सगळ्यात वाईट आकडाही द्या. सरासरीत 'सैरंध्री'चे चेहरेसुद्धा कदाचित पास झाले असते.

प्रभातचं पुढं काय झालं ते थोडक्यात. जर्मनीहून रंग नीट आला नाही, पण शांताराम तिकडून बरंच बघून आले. १९३४ च्या 'अमृतमंथन'मधल्या राजगुरूच्या डोळ्याचा तो प्रसिद्ध क्लोजअप टेलिफोटो लेन्सनं घेतलेला आहे. मग 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', सगळे काळे-पांढरे. नावच एका लाल रंगाचं असलेला 'कुंकू' हा सिनेमा आपण करड्या छटांत बघतो आणि कुणाला काही उणं वाटत नाही, हे मला अजूनही नवल वाटतं. शांताराम रंगाकडे परत आले ते १९५५ साली, 'झनक झनक पायल बाजे'मधून, टेक्निकलर घेऊन. या वेळी नोंदी तीन होत्या. त्या चित्रपटात त्यांनी रंगांची जी उधळण केली आहे ती काहींना अतीच वाटते. बावीस वर्षांची भूक होती, असं माझं आपलं मत.

शेवटी सुरुवातीच्या प्रश्नाकडे, पण आजच्या कामाच्या अंगानं. पुण्यात प्रभातच्याच जागेत पुढे फिल्म इन्स्टिट्यूट आली, जवळच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, आणि जुन्या फिल्म स्कॅन करून पुन्हा उभ्या करण्याचं काम देशात आता जोरात आहे. समजा तुमच्यासमोर दोन टोनची एखादी बायपॅक प्रिंट आली. स्कॅनर तिला तीन रंगांत वाचणार. त्या आकड्यांचा आलेख काढलात तर ठिपके तीन मितींत पसरलेले दिसणार नाहीत. एका पातळशा, किंचित वळलेल्या पापुद्र्यावर बसतील, कारण रंगद्रव्यं दोनच आहेत. पापुद्र्याबाहेर जे काही दिसेल ते धूळ, ओरखडे, डाग किंवा रंग उडाल्याच्या खुणा. या गुणाचा वापर करून डाग वेगळे काढता येतात, हा एक छान छोटा प्रबंधविषय आहे, हवा तर घ्या.

पण हळद तिथं सामन रंगाची दिसेल. ती पिवळी करायची का? करता येईल. मॉडेलला शिकवलं की हे हळदीचं ताट आहे, तर ते पिवळं करून देईल आणि प्रेक्षक खूशही होतील. ते दृश्याशी इमान झालं म्हणावं, तर दृश्यातला पिवळा निगेटिव्हवर कधी आलाच नव्हता. मी ती पिवळी करणार नाही. दोन टोनची द्रव्यं मोजून, उडालेला रंग भरून काढून, १९३३ च्या प्रेक्षकानं जे बघितलं असतं तिथवर प्रिंटला परत नेईन, सामन रंगाच्या हळदीसकट. कुणाला पिवळी हवी असेल तर ती वेगळ्या फाइलमध्ये, आणि तिच्या मेटाडेटात 'अंदाजे रंगवलेली' असं स्पष्ट लिहून.